‘लाइट आहे, पण गाडी चालू होईना’ : एका तक्रारीचा अर्थविचार

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत मोटारदुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीच्या कानांवर जी वाक्ये नित्य पडतात, त्यांपैकी एक असे : “मिस्त्री, लाइट आहे, पण गाडी चालू होईना.” वाक्य लहान आहे. बोलणारा खोटे सांगत नाही. तरीही केवळ या वाक्यावर विसंबून चांगल्या बॅटऱ्या बदलल्या जातात आणि बदलावयास हव्यात त्या तशाच राहतात. याचे कारण यंत्रात जितके आहे तितकेच भाषेत आहे. वाक्याच्या पूर्वार्धात एक निरीक्षण आहे. आणि ‘पण’ या उभयान्वयी अव्ययात एक अनुमान दडलेले आहे. लाइट आहे, तेव्हा गाडी चालू व्हावयास हवी होती, असे ते अनुमान. ते का टिकत नाही आणि त्याच्या जागी कोणते प्रश्न विचारावे लागतात, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम ‘लाइट’ हा शब्द पाहू. सांगलीचा जिल्हा १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला आणि १९६० साली त्यास आजचे नाव मिळाले. त्यामुळे बोलीच्या दृष्टीने हा पुष्कळसा एकच मुलूख आहे. या मुलखात ‘लाइट’ म्हणजे दिवाही आणि वीजही. “लाइट गेली” म्हणजे दिवा विझला एवढेच नव्हे, तर वीजपुरवठा बंद पडला. सामान्य घराला विजेचा पहिला परिचय दिव्याच्या रूपाने झाला, म्हणून कार्याचे नाव कारणाला मिळाले. लक्षणेचा हा नेहमीचाच मार्ग होय. घरात या अर्थविस्ताराने फारसे बिघडत नाही. मोटारीत मात्र बिघडते. समोरच्या फळीवरचे दिवे लागले, हॉर्न वाजला, की ‘लाइट आहे’ हे विधान सिद्ध होते. आणि त्याबरोबर ‘वीज पुरेशी आहे’ हा दुसरा अर्थही कोणी न सांगता सिद्ध धरला जातो.

वस्तुतः दिवा आणि स्टार्टर यांच्या मागण्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. मोटारीचे पुढचे दोन्ही मोठे दिवे मिळून सुमारे १० अँपिअर प्रवाह घेतात. थंड इंजिन फिरविताना लहान पेट्रोल गाडीचा स्टार्टर १०० ते २०० अँपिअर घेतो. डिझेल गाडीचा त्याहूनही अधिक. आता बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवी पूड साचली आहे आणि त्या सांध्याचा रोध अवघा ०.०५ ओहम झाला आहे, असे समजा. जॉर्ज ओहम याने १८२७ साली प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार १० अँपिअरचा प्रवाह वाहताना त्या सांध्यावर ०.५ व्होल्ट खर्ची पडतील. १२ व्होल्टांतून अर्धा व्होल्ट गेल्याचे दिव्याकडे पाहणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही. परंतु १५० अँपिअर वाहावयाचे तर त्याच सांध्यावर ७.५ व्होल्ट खर्ची पडावे लागतील आणि स्टार्टरच्या वाट्याला पाचाहून कमी व्होल्ट उरतील. अर्थात तेवढा प्रवाह मग वाहतच नाही आणि इंजिन जागचे हलत नाही. सांधा तोच, बॅटरी तीच. दिव्याची साक्ष खरी, पण ती स्टार्टरच्या बाबतीत गैरलागू.

हे तत्त्व या भागातील शेतकऱ्यास नवे नाही. तासगावच्या द्राक्षबागेत किंवा कृष्णाकाठच्या उसाच्या रानात विहिरीवरचा बल्ब मिणमिणत असतो, मोटर मात्र नुसती गुणगुणते. तेव्हा “लाइट आहे, पण व्होल्टेज नाही, मोटर उचलत नाही” असे तो बिनचूक सांगतो. पंपाच्या बाबतीत जो भेद त्याच्या भाषेत स्पष्ट आहे, तो मोटारीपाशी येताच का पुसला जातो, हे विचार करण्याजोगे आहे. पंप बंद राहिला तर काय बिघडले याची चर्चा बांधावर रोज होते. मोटारीचे झाकण उघडण्याचा प्रसंग वर्षातून एखादाच. शब्द वापराने धारदार राहतात, एवढेच यावरून म्हणता येईल.

तक्रारीचा उत्तरार्धही पाहण्यासारखा आहे. ‘चालू होत नाही’ आणि ‘चालू होईना’ ही रूपे समानार्थी नव्हेत. ‘दार उघडत नाही’ हे दाराचे वर्णन होय. ‘दार उघडेना’ म्हटले की कोणीतरी ते ढकलून पाहिले आहे आणि दाराने दाद दिलेली नाही, असे चित्र उभे राहते. तेव्हा ‘होईना’ म्हणणाऱ्याने चावी फिरविली आहे, बहुधा अनेक वेळा फिरविली आहे. अनुभवी मिस्त्रीचा पहिला प्रश्न याच धाग्याला धरून येतो : “सेल्फ मारल्यावर काय होतंय?”

‘सेल्फ’ हा शब्द स्वतंत्र टिपणाचा विषय व्हावा इतका मनोरंजक आहे. मूळ सामासिक शब्दातील ‘स्टार्टर’ हे मुख्य पद गळाले आणि ‘स्वतः’ एवढाच अर्थ असलेले विशेषण नामाच्या गादीवर बसले. ते पुल्लिंगी झाले आणि ‘सेल्फ गेला’, ‘सेल्फ घेत नाही’, ‘सेल्फ उतरवला’ असे प्रयोग रूढ झाले. त्याच्याशी ‘मारणे’ हे क्रियापद जोडले गेले, ते बहुधा ‘हँडल मारणे’ या जुन्या प्रयोगावरून. सातारा रोडच्या कूपर कारखान्याची तेल-इंजिने असोत की अन्य कोणाची, विहिरीवरचे इंजिन हँडल मारूनच चालू करावे लागे. जुन्या जीप व अँबॅसडर गाड्यांनाही पुढून हँडल घालण्याची सोय असे. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडण्याची भीती असे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत आला आणि हे संकट टळू लागले. केटरिंगची मेख अशी की, हे काम काही सेकंदांचेच आहे. तेव्हा लहान मोटरीवर क्षणभर तिच्या ताकदीबाहेरचा भार टाकला तरी चालते. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये त्यास निवू द्यावे, या सूचनेचे मूळ येथे आहे. हट्टाने चावी धरून ठेवणारा चालक बॅटरीही उतरवितो आणि सेल्फही जाळतो.

आता “काय होतंय?” या प्रश्नाच्या उत्तराकडे वळू. ते उत्तर बहुतेक वेळा ध्वनीच्या रूपाने येते, आणि येथे मराठीची एक जुनी संपत्ती कामास येते. मराठी व्याकरणकारांनी अभ्यस्त शब्दांत अनुकरणवाचकांचा एक वर्ग मानला आहे. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशातही अशा शब्दांचा भरणा मोठा आहे. या शब्दांना पुष्कळदा बालबोध मानून बाजूला सारले जाते. तसे करणे रास्त नाही. ‘खट’ वा ‘खटकन’ म्हटले की ध्वनी एकदाच झाला आणि थांबला. ‘खटखट’ म्हटले की तो पुनःपुन्हा झाला. ‘खटाखट’ म्हटले की ती पुनरावृत्ती वेगाने झाली. क्रियेची संख्या, तिचा वेग आणि तिचा शेवट हे तिन्ही विशेष शब्दाच्या घडणीतच आहेत. निदानासाठी नेमके हेच तीन विशेष हवे असतात.

खटाखट आवाज येण्याची प्रक्रिया अशी. स्टार्टरवर सोलेनॉइड नावाचे एक विद्युत्चुंबक बसविलेले असते. चावी फिरविली की ते एक दांडा ओढते. त्यामुळे स्टार्टरचे लहान दातेरी चाक इंजिनाच्या मोठ्या दातेरी चाकात अडकते आणि त्याच वेळी जाड तांब्याचे संपर्क मिटून मुख्य प्रवाह वाहू लागतो. बॅटरी दुर्बल असेल तर मुख्य प्रवाहाची मागणी होताच तिचा दाब कोसळतो. दाब कोसळला की चुंबक सुटते. चुंबक सुटले की मागणी थांबते व दाब पुन्हा चढतो. दाब चढला की चुंबक पुन्हा ओढते. हा खेळ सेकंदात अनेक वेळा चालतो. म्हणून ‘खटाखट’ म्हणजे बहुतांशी उतरलेली बॅटरी किंवा धरलेला सांधा. ‘खट’ एकदाच होऊन शांतता पसरली तर चुंबकाने आपले काम केले, पुढे मात्र काही झाले नाही : संपर्क जळाले असतील, स्टार्टरमधले कार्बन झिजले असतील, किंवा इंजिनच अडकले असेल. (कार्बन झिजले असता स्टार्टरच्या अंगावर हलकेच ठोकल्यावर गाडी चालू होते, रस्त्यावरच्या चालकास तो चमत्कार वाटतो, पण तो काही दिवसांचाच असतो.) ‘नुसता गरगर फिरतो’ असे वर्णन आले तर स्टार्टर फिरतो आहे, पण चाकाशी त्याची गाठ पडत नाही. ‘घर्र’ असा खरवडल्यासारखा आवाज आला तर दाते झिजले आहेत. आणि इंजिन नेहमीच्या जोमाने फिरत असूनही पेट घेत नसेल, तर प्रश्न स्टार्टरचा नाहीच. इंधन अथवा ठिणगी शोधावी. ते प्रकरण निराळे.

ध्वनीइतकीच दिव्याची साक्ष मोलाची आहे. मात्र ती एकट्याने घ्यावयाची नाही, चावी फिरविण्याच्या क्षणी घ्यावयाची. काही गाड्यांत चावी फिरविताना पुढचे मोठे दिवे आपोआप बंद होतात, म्हणून आतला छोटा दिवा लावून पाहावे. दिवा मंदावून विझू लागला तर प्रवाहाची मागणी झाली आहे, पुरवठा होत नाही. दिवा यत्किंचितही हलला नाही तर मागणीच झालेली नाही. आधी ‘लाइट आहे’ हे स्थिर विधान होते. आता त्याचे ‘लाइटीत फरक पडतो की नाही’ असे प्रश्नरूप झाले, आणि त्याच दिव्याने निम्मे निदान केले. साधा व्होल्टमीटर असेल तर हेच अधिक नेमके कळते. पूर्ण भारित बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी, आणि इंजिन फिरवीत असता दाब ९.६ च्या खाली जाऊ नये. हाच मीटर बॅटरीचा खुंट आणि त्यावरची पकड यांच्यामध्ये धरून कोणाकडून सेल्फ मारवावा. तेथे जवळपास शून्य यावयास हवे. व्होल्टभर आले तर दोष हाती लागला.

सांध्यांचा हा दोष हवामानापरत्वे बदलतो, हेही ध्यानात घ्यावे. महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जावळी-पाटणच्या डोंगराळ भागात पावसाळाभर हवा ओली असते आणि तारांच्या टोकांना गंज लवकर चढतो. माण-खटाव, आटपाडी, जत हा मुलूख कोरडा. तेथे उन्हाळ्याच्या तापाने बॅटरीच आतून झिजते. एकाच तक्रारीमागची संभाव्य कारणे घाट ओलांडताच जागा बदलतात.

गाडीतला प्रवाह परत जाण्याची वाट म्हणजे इंजिन व सांगाडा यांना जोडणारी जाड पट्टी. तिला आणि त्या जोडणीला गॅरेजमध्ये ‘अर्थ’ म्हणतात. पृथ्वीवाचक इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिला की तो संस्कृतातल्या ‘अर्थ’ शब्दाहून वेगळा ओळखता येत नाही. “अर्थ लागत नाही” हे वाक्य अर्थविचाराच्या वर्गात आणि गॅरेजात सारखेच खपून जाईल. विनोद बाजूला ठेवला तरी या पट्टीकडे दुर्लक्ष फार होते. इंजिन रबरी बैठकांवर बसविलेले असल्यामुळे पट्टी तुटली की स्टार्टरचा प्रवाह क्लच किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलीसारख्या बारीक वाटेने परतू पाहतो. गाडी चालू होत नाही आणि केबल मात्र तापते. ज्या दिव्यांची परतीची वाट थेट सांगाड्यातून जाते, ते या वेळी उत्तम लागलेले असतात.

येथून एका व्यापक चुकीकडे येता येते. गाडी बंद पडली, शेजारच्या गाडीवरून जंपर केबल लावली, गाडी तत्काळ चालू झाली. निष्कर्ष : बॅटरी गेली. हा निष्कर्ष इतका स्वाभाविक वाटतो की नवी बॅटरी घेईपर्यंत कोणी थांबत नाही. परंतु केबल योग्य रीतीने लावली असेल, तर लाल तार बंद गाडीच्या धन टर्मिनलच्या पकडीवर आणि काळ्या तारेचे शेवटचे टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून दूर, लावलेले असते. (बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते, ती बॅटरीजवळ उडू नये हा त्यातील हेतू. स्फोटाने आम्ल डोळ्यांत जाण्याचा धोका खरा आहे.) आता या जोडणीत प्रवाहाची वाट कोणती झाली ते पाहावे. तो दुसऱ्या गाडीतून निघून पकडीत, तेथून स्टार्टरमध्ये, इंजिनात आणि परत गेला. जुनी बॅटरी टळली, हे खरे. पण खुंट व पकड यांच्यामधला गंजलेला सांधाही टळला आणि तुटलेली अर्थची पट्टीही टळली. तीन संशयित एकाच वेळी बाजूला काढल्यावर गुन्हा थांबला, म्हणून एकट्या बॅटरीला दोषी ठरविण्यास आधार काय? न्यायशास्त्राच्या परिभाषेत हा अनैकान्तिक हेतू होय. दोष तेथे असतानाही हेतू आढळतो आणि नसतानाही आढळतो.

अन्वय-व्यतिरेकाची पद्धत भाषेच्या अभ्यासकास परकी नाही. पतंजलीने महाभाष्यात वृक्षशब्दाची रूपे घेऊन प्रकृतीचा अर्थ कोणता आणि प्रत्ययाचा कोणता, हे याच रीतीने वेगळे केले आहे : एक अंश कायम ठेवावा, दुसरा बदलावा, आणि अर्थात काय गेले व काय राहिले ते पाहावे. वर्णनिश्चितीसाठी लघुतम भेदाच्या जोड्या शोधतात, त्यातही हेच तत्त्व आहे. मोटारीत त्याचा उपयोग असा : काळी तार आधी इंजिनावर न लावता सांगाड्यावर लावून पाहावी. सांगाड्यावर लावून गाडी चालू झाली नाही आणि इंजिनावर लावताच झाली, तर पट्टी दोषी. केबल काढून ठेवून केवळ पकड सोडविली, खुंट घासून स्वच्छ केला, पुन्हा आवळली आणि गाडी चालू झाली, तर सांधा दोषी. या दोन्ही कसोट्यांतून निर्दोष सुटलेल्या गाडीचीच बॅटरी दुकानात तपासावयास न्यावी. काही शे रुपयांची पट्टी की काही हजारांची बॅटरी, याचा निवाडा एक तार हलविण्यावर अवलंबून असतो. घाटात, खंबाटकीच्या चढावर रात्री अडकलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने तर प्रश्न रुपयांचाही नसतो. नवी बॅटरी घातलेली गाडी पुन्हा त्याच जागी बंद पडते की नाही, हा असतो.

‘काहीच आवाज येत नाही’ या उत्तराचा उलगडा त्या मानाने सोपा आहे. मागणीच सोलेनॉइडपर्यंत पोहोचलेली नाही. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय किंवा गिअर मोकळा असल्याशिवाय काही गाड्या सेल्फला प्रवाह देत नाहीत. त्यावरचे बटण बिघडले की सर्व ठीक असून गाडी मुकी होते. रिले, फ्यूज, चावीचे स्विच हे त्यापुढचे टप्पे. अलीकडच्या गाड्यांत चावीमधली इलेक्ट्रॉनिक खूण न पटल्यास चोरीप्रतिबंधक व्यवस्था गाडी चालू होऊ देत नाही आणि समोरच्या फळीवर चावीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकतो. दुसरी चावी लावून पाहणे ही तेथली अन्वय-व्यतिरेकाची परीक्षा. गाडीखाली शिरून पेचकसाने सोलेनॉइडचे दोन खुंट जोडण्याची युक्ती जुने चालक करतात. गिअर पडलेला असेल तर गाडी त्या माणसाच्या अंगावरून जाते, एवढे सांगितले की युक्तीची योग्यता कळावी.

एका प्रसंगी मात्र यांपैकी कोणतीही परीक्षा करू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांपलीकडे गेले. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. नदीकाठच्या वस्त्यांत उभ्या असलेल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी गाडी पाणी ओसरल्यावर पाहिली असता पुष्कळदा दिवे लागतात, आणि मालक चावी फिरवितो. ‘खट’ असा एकच आवाज येतो. हा आवाज झिजलेल्या कार्बनच्या आवाजाहून कानाला वेगळा नाही. एका चिन्हाचे दोन अर्थ येथे संभवतात आणि त्यांतला एक विनाशक आहे. इंजिनाच्या सिलिंडरात पाणी शिरले असेल तर दट्ट्या वर येताना ते दाबले जात नाही, कारण हवेप्रमाणे पाणी दाबून लहान होत नाही. सेल्फ दुबळा असेल तर इंजिन नुसते अडते. सेल्फ जोरकस असेल, किंवा गाडी गिअरमध्ये टाकून धक्का मारला असेल, तर दट्ट्याला जोडणारा दांडा वाकतो. म्हणजे या ठिकाणी चांगली बॅटरी अधिक घातक ठरते. म्हणून पुरातल्या गाडीची बॅटरी प्रथम सोडवावी. हवेच्या गाळणीची पेटी उघडून ती ओली आहे काय ते पाहावे. ऑइलची काठी काढावी आणि तिच्यावरचे तेल दुधाळ दिसल्यास ते बदलल्यावाचून पुढे जाऊ नये. पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग, डिझेल गाडीचे इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवावे, म्हणजे पाणी त्या भोकांतून बाहेर पडते. ते मोकळे फिरल्यावरच चावीला हात लावावा. अशा गाड्यांच्या तक्रारी पुढेही कित्येक महिने येत राहतात, कारण तारांच्या जोडणीत शिरलेल्या गढूळ पाण्याने आतल्या आत हिरवा गंज धरलेला असतो. दिवे त्याही वेळी लागतच असतात.